पाणंदीची हरकत घेऊन ओरोसला

येसूआते रोज नवा प्रश्न विचारते. ओरोसला झाडं किती होती, वेंगुर्ल्याच्या बाजारात मासेवाल्या कुठल्या हाताला बसतात, हमीदाभाभीच्या बहिणीकडे मी काय जेवले, ऑफिसातल्या बाईंचा आवाज कसा होता. मी एक सांगते आणि दुसरं विसरते. म्हणून सगळं या वहीत ओळीने लिहून ठेवते आहे, म्हणजे दुपारी तिला वाचून दाखवता येईल. माझी शाळा चौथीपर्यंतची. अक्षर मात्र वळणदार आहे, आणि हा सगळा प्रवास त्या अक्षरामुळेच घडला.

आमची वाडी बंदराला लागून आहे. डांबरी रस्ता वाडीच्या तोंडाशी थांबतो आणि तिथून पुढे पाणंद सुरू होते. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे कमरेइतके गडगे आणि मधून वाट. समोरून कोणी आलं की एकाने जरा तिरकं व्हायचं. येसूआते माझ्या सासऱ्यांची बहीण. तिला आता दिसत नाही, पण पाणंदीत ती एकटी फिरते. उजवा हात गडग्यावर ठेवते आणि चालू लागते. शेवाळ लागलं की विहीर आली, गुळगुळीत चिरा लागला की देवळाची पायरी, आणि गडगा संपून हाताला बांबू लागला की हमीदाभाभीच्या अंगणाचं बेडं. बेडं सरकवून ती आत जाते आणि पडवीतल्या दुकानात बसते. भाभीकडे चहापूड, साखर, काडेपेटी, खोबरेल असं सगळं थोडं थोडं असतं. आतेला रोज काहीतरी लागतंच. काही लागत नसलं तरी लागतं.

गाव नगरपंचायत झाल्यावर विकास आराखडा आला. नकाशा नगरपंचायतीच्या भिंतीवर लावला होता तो आम्ही बायका जाऊन पाहून आलो. पिवळ्या रंगात घरं, निळ्या रंगात दुकानं. आमची वाडी पिवळी होती. पाणंदीवरून दोन लाल रेघा गेल्या होत्या आणि मध्ये नऊ मीटर असं लिहिलं होतं. म्हणजे गडगे जाणार. तिथल्या कारकुनाने समजावलं, की घरात दुकान चालवायचं तर समोर रुंद रस्ता हवा, नाहीतर पिवळ्यात दुकान चालत नाही. रस्ता झाला तर आतेची वाट जाते आणि नाही झाला तर भाभीचं दुकान जातं, एवढं मला कळलं.

पाणंद तशीच राहू द्या आणि पडवीतलं दुकानही चालू द्या, असा हरकतीचा अर्ज मी लिहिला. पहिली सही करायला कोणी पुढे होईना, तेव्हा लिहिणारीनेच करावी असं ठरलं. मला वाटलं, पहिली सही म्हणजे नुसती वरची सही. महिन्याभराने पत्र आलं ते माझ्या एकटीच्या नावाने. ओरोस येथील सुनावणीस अर्जदाराने स्वतः हजर राहून म्हणणे मांडावे.

मला चार माणसांत बोलता येत नाही. हळदीकुंकवाला नाव घ्यायची वेळ आली की मी पाणी आणायला आत जाते. पत्र घेऊन मी भाभीच्या पडवीत गेले आणि ते तिच्या पुढ्यात ठेवलं. तिने ते वाचलं आणि चष्मा काढला.

"मी येतंय तुज्याबरोबर," ती म्हणाली. "बोलाचा तू. भांडाचा मी."

ओरोस, गुरुवार

एसटीने हायवेवर सोडलं तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. मार्च महिना, ऊन तेव्हाच तापलेलं. ओरोसला जिल्ह्याची सगळी ऑफिसं आहेत. मोठ्या इमारती, मोठी आवारं, आणि त्यांच्यामधून जाणारे सरळ, रुंद रस्ते. सगळं आहे, फक्त एकमेकांपासून लांब आहे. झाडंही होती, पण कुंपणांच्या आत. सावली आत आणि आम्ही बाहेर.

आम्ही बराच वेळ चाललो. रस्ता विचारायचा होता, पण विचारायला माणूसच दिसेना. गाड्या जात होत्या, त्यांच्या काचा बंद होत्या. आमच्या पाणंदीत दहा पावलं टाकली की तीन जण विचारतात, खंय चल्ली? मला ते आवडत नाही. कुठे चालले हे सगळ्या वाडीला कशाला कळायला हवं, असं मनात येतं.

भाभीने ते बरोबर ओळखलं. "घराकडे कोण विचारता तेव्हा तुझा त्वांड वाकडा होता," ती म्हणाली. "आता उभी रव आणि वाट बघ, कोण विचारता काय ता."

शेवटी स्कूटरवरचा एक रखवालदार थांबला. आम्ही चालत आलो हे ऐकून त्याला नवल वाटलं. "हंय कोण चलत येता?" असं म्हणून त्याने हात केला. त्या हाताच्या रोखाने गेलो तर ती दुसरीच इमारत निघाली. तिथल्या बाईने मागच्या बाजूने पाठवलं. मधे एक साधी पायवाट असती तर पाच मिनिटांचं काम होतं, पण कुंपण होतं, म्हणून पुन्हा पुढच्या फाटकातून बाहेर पडून रस्त्याने फिरून जावं लागलं. चपलेचा अंगठा तुटला तो याच फेरीत. भाभीने पदराची पिन काढून तो जोडून दिला.

पोचलो तेव्हा आमच्या आधीच्या गावाच्या हरकती चालू होत्या आणि त्या संपायचं लक्षण दिसत नव्हतं. दुपारी एक कारकून बाहेर आला. तो आमच्याच भागातला असावा, बोलण्यावरून वाटलं. "उद्या पहिलो नंबर तुमचोच," तो म्हणाला. "आज तुमका बसवन ठेवण्यात अर्थ नाय."

मला खरं म्हणजे हायसं वाटलं. एक दिवस मिळाला. पण घरी जाऊन पहाटे पुन्हा निघायचं म्हणजे दोनदा गाडी बदलून जायचं आणि दोनदा बदलून यायचं. आम्ही आवारातल्या झाडाखाली डब्यातले घावणे खाल्ले. खाता खाताच भाभीने बहिणीला फोन लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "चल, वेंगुर्ल्याक. जुबेदा वाट बघता."

मी लग्नानंतर कधी दुसऱ्याच्या घरी मुक्कामाला राहिलेले नाही. घरी फोन केला. हे म्हणाले, "रव मगे. आतेचा मी बघतंय." एवढंच. आमच्या घरात फोनवर कोणी जास्त बोलत नाही.

वेंगुर्ले

वेंगुर्ल्याच्या स्टँडवर उतरलो आणि भाभीची बहीण राहते तिथे चालतच निघालो. मला हे चालणं फार आवडलं. खाली दुकान आणि वर घर, अशी घरं एकमेकांना टेकून उभी. खाली शिंप्याचं मशीन चालू, वर कोणी कपडे वाळत घालतंय. एका पायरीवर दोन म्हातारे पेपरची दोन पानं वाटून घेऊन वाचत होते. शाळा सुटली होती आणि मुली दप्तरं घेऊन दुकानांच्या कठड्यांवरून चालत होत्या, रस्त्यावर न उतरता. कुठे सावली छपराची, कुठे भिंतीची. मासेवाल्या बाजारात डाव्या हाताला बसतात, हे आतेसाठी लिहून ठेवते. घर येईपर्यंत पाच जणांनी भाभीला विचारलं, कधी इलंस. पाचांनाही तिने थांबून उत्तर दिलं. मला या वेळी राग आला नाही.

जुबेदा काजूच्या कारखान्यात कामाला आहे, ती सुटायला अवकाश होता. घरी तिचे सासरे होते, हसनचाचा. दार उघडंच होतं आणि ते दारातल्या खुर्चीत बसलेले. त्यांना फारसं उठवत नाही. त्यांनी टोपलीतला काजूचा एक लाल बोंडू उचलून माझ्या हातात दिला. नको म्हणणं मला जमत नाही, म्हणून मी तिथेच उभ्याने चावला आणि त्याचा रस सरळ साडीवर सांडला. उद्या सुनावणीला घालायची साडी ती. तीच एक आणली होती.

हसनचाचांनी डाग नीट पाहून घेतला. "पाण्यान जावचो नाय तो," ते म्हणाले. "काजीचो हंगाम सरलो की आपसूक जाता म्हणतत."

"सुनावणी उद्या सकाळी आसा, चाचा," भाभी म्हणाली.

"मगे हंगाम लवकर सरवूक होयो," चाचा म्हणाले, आणि तिघंही हसलो. त्या घरात मी पहिल्यांदा मोठ्याने हसले ते तेव्हा.

जुबेदा आली तेव्हा तिची बोटं काळी होती. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं. हाताला खोबरेल चोळून बसलं तरी काळेपणा राहतो. कारखाना घरापासून दहा मिनिटांवर आहे. दुपारच्या सुटीत ती घरी येते, सासऱ्यांना वाढते, त्यांचं औषध देते आणि परत जाते.

"आता शेड गावाबाहेर हलवतले म्हणतत," तिने सांगितलं. "नकाशात कारखान्यांचो रंग थंय आसा. शेड नवी होतली, पंखे होतले, सगळा बरा. पण दुपारी मी घराक कशी येतलंय? रिक्षा करून इलंय तर अर्धी सुट्टी वाटेतच जातली." तिने सासऱ्यांकडे पाहिलं नाही. त्यांनीही ऐकलं नाहीसं दाखवलं.

तिने बांगडे आणून ठेवले होते. माझा गुरुवार होता आणि ते सांगायचं कसं, हे मला कळेना. भाभीने सांगून टाकलं. "हिचो आज गुरुवार."

"मगे काय झाला? काजी काय कमी आसत आमच्याकडे?" असं म्हणून जुबेदा ओले काजू सोलायला बसली. मीही बसले. थोड्या वेळाने तिने खालच्या आवाजात विचारलं, "भांडा वेगळा घेवक होया काय गो?" मी मान हलवून नको म्हटलं. माझ्या सासूबाई असत्या तर मी काय म्हटलं असतं, माहीत नाही. त्या नव्हत्या आणि मला भूक लागली होती.

आमच्याकडे ओल्या काजूच्या उसळीला भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप लावतात. जुबेदाने कच्च्या खोबऱ्याचं दूध घातलं आणि वर नुसती मिरची तडकवली. तांदळाची भाकरी इतकी पातळ, की तिच्यातून दिवा दिसावा. मी तीन खाल्ल्या. आते, हे तुला आधी सांगितलं होतं, पण तीन हा आकडा सांगितला नव्हता.

हे जेवणाचं झालं. त्याच्या आधी, ऊन उतरल्यावर, भाभी आणि मी बंदरावर जाऊन आलो होतो. तिथे जे बोलणं झालं ते लिहू की नको, याचा मी दोन दिवस विचार केला. भाभीला विचारलं. ती म्हणाली, "लिही. आतेक माहीत आसा सगळा."

होड्या येऊन लागल्या होत्या, बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या. आम्ही धक्क्याच्या कडेला बसलो. भाभी पाण्याकडे बघून म्हणाली, "उद्या ते विचारतले."

"काय?"

"पाणंदीत रुग्णवाहिका कशी येतली म्हणान."

भाभीचे यजमान इक्बालभाई दोन वर्षांपूर्वी गेले. सकाळची वेळ होती, छातीत दुखायला लागलं. गाडी आली ती डांबरी रस्त्यावर थांबली. वाडीतल्या चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून पाणंदीतून नेलं. त्या चौघांत आमचे हेही होते. गाडीत घातलं तेव्हा ते बोलत होते. इस्पितळात पोचल्यावर गेले.

"डॉक्टरान सांगल्यान, उशिरामुळे गेले नाय," भाभी म्हणाली. "मी तेच धरून आसंय. पण कधी दुपारी दुकानात कोण नसता, तेव्हा वाटता. गाडी दारात इली असती तर…"

 मी विचारलं, "मगे तू अर्जावर सही कित्याक केलंस?"

"येसूआते रोज येता म्हणान." ती म्हणाली. "आणि त्या चवघांक माका हाक मारूची लागली नाय. ते पाणंदीतच होते. रस्तो झालो आसतो तर ते खंय आसते, कोणाक ठावक."

दोन वर्षं मी तिच्या पडवीत रोज बसते. अर्ज मी तिथेच बसून लिहिला. रस्ता नको, रस्ता नको असं तीनदा लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं आणि सही केली.

पुन्हा ओरोस, शुक्रवार

सकाळी निघताना हसनचाचा म्हणाले, की ते दुपारी नमाजाला मशिदीत चालत जातात, आठवड्यातलं तेवढंच एक चालणं, तेव्हा आमच्यासाठी दुवा मागतील. गाडीत भाभी खिडकीला डोकं टेकून झोपली. मी अर्जाची प्रत काढून वाचत होते. आत आमची बाजू होती आणि ती खरी होती. पण ती पुरती नव्हती. मला सारखी ती खुर्ची दिसत होती.

सुनावणी घेणाऱ्या बाई घाटावरच्या होत्या. वयाने माझ्याएवढ्याच. टेबलावर आमच्या गावचा नकाशा पसरलेला. कालचा कारकून बाजूला लिहायला बसला होता. मी कापडी पिशवी साडीवरच्या डागासमोर धरून बसले.

बाईंनी अर्ज वाचला आणि एका जागी बोट ठेवलं. "इथे अंतराच्या रकान्यात 'अर्धा कुकारा' असं लिहिलंय. म्हणजे किती मीटर?"

माझी मान खाली गेली. रकान्यात लिहिलं होतं, घरापासून दुकानाचे अंतर. मी लिहिताना वाडीतल्या सगळ्या बायकांना विचारलं होतं आणि सगळ्यांनी एकच उत्तर दिलं होतं, त्यामुळे ते बरोबरच आहे असं वाटलं होतं. कारकून कागदात डोकं घालून हसू दाबत होता.

"कुकारो म्हणजे हाक," भाभी म्हणाली. "दाखवू?"

"दाखवा," बाई म्हणाल्या. त्यांना बहुतेक वाटलं, नकाशावर दाखवणार.

भाभी उठली, दाराशी गेली, तोंडाला हात लावला आणि तिने कुकारा घातला, खाडीपलीकडच्या होडीला घालतात तसा. खिडकीतली कबुतरं उडाली. सगळं शांत झालं. आणि खालच्या मजल्यावरून कोणीतरी लांबलचक "ओ" दिली.

बाई हसल्या. कारकूनही मग उघड हसला. "खालचो शिपाई असतलो, आचऱ्याकडचो," तो म्हणाला.

"बरं," बाई म्हणाल्या, "ही पूर्ण हाक. तुमच्या घरापासून याच्या निम्म्या अंतरात काय काय आहे?" त्यांनी हे मला विचारलं होतं.

मी सांगायला लागले. दुकान आहे. देऊळ आहे. गिरण आहे. विहीर आहे. लाडवांची ऑर्डर घेणारी एक बाई आहे, शिवणकाम करणाऱ्या दोघी आहेत, सगळ्या आपापल्या पडवीत. सांगता सांगता मला कळलं की मी बोलते आहे. मग आतेचं सांगितलं. "तिला दिसत नाही. तिचा उजवा हात गडग्यावर असतो. गडगे गेले आणि नऊ मीटर मोकळं झालं, तर ती कशाला धरून चालेल?"

बाईंनी लिहून घेतलं. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे मला समजतं. पण उद्या वाडीत आग लागली, कोणी आजारी पडलं, तर गाडी कुठून येणार? त्याचं उत्तर अर्जात नाही."

भांडायचं भाभीने होतं. पण ती गप्प बसली, हात मांडीवर ठेवून. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

मी उठून नकाशावर वाकले. पिशवी खुर्चीवर राहिली. पाणंदीच्या मागे आमचं माडाचं आगर आहे. ते नकाशात सापडायला थोडा वेळ लागला, कारण माड दाखवलेले नव्हते. "इथपर्यंत शेताच्या मेरेने, म्हणजे बांधावरून, रस्ता आलेला आहे," मी म्हणाले. "इथून आमच्या आगरातून गाडी आणली तर ती हमीदाभाभीच्या मागच्या दाराशी येते. वाडीतल्या सगळ्या घरांच्या मागच्या बाजू तिथून जवळ आहेत. मग पाणंद आहे तशी राहू दे. माणसांना पुढून वाट आणि गाडीला मागून."

"जागा कोणाची?"

"आमची."

"आणि द्याल?"

"देऊ. तीन माड जातील."

"सातबारा कोणाच्या नावावर आहे?"

"घरच्यांच्या."

"त्यांना विचारलंय?"

"नाही."

कारकुनाने लिहायचं थांबवलं. बाई म्हणाल्या, "मग 'देऊ' कसं म्हणता?"

"विचारते," मी म्हणाले. "पण तुम्ही लिहून घ्या."

बाईंनी नकाशावर पेनाने तिथे खूण केली. मग त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं ते असं. मागच्या रस्त्याचं बघता येईल, त्या पंधरा दिवसांत स्वतः येऊन जागा पाहतील, तोवर संमतीपत्र तयार ठेवायचं. पाणंदीचं मात्र सोपं नाही. पायवाट पायवाट म्हणूनच नकाशात दाखवायची आणि तिच्यावरच्या पडव्यांतल्या दुकानांना मुभा द्यायची, तर नियमातच तशी सोय हवी. "ते एकट्या तुमच्या वाडीसाठी करता येत नाही," त्या म्हणाल्या. "अशा वाड्या किनाऱ्यावर खूप आहेत. मी वर शिफारस लिहीन. शब्द देत नाही."

निघताना त्यांनी माझ्या साडीकडे पाहिलं आणि विचारलं, "बोंडू का?" मी हो म्हटलं.

हायवेपर्यंत पुन्हा तेवढंच चालायचं होतं. भाभी एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, मी तिचं दुःख चव्हाट्यावर मांडलं म्हणून ती रागावली. खरं तर मी इक्बालभाईंचं नाव घेतलं नव्हतं. तरी वाटलं.

घरी

वाडीच्या तोंडाशी उतरलो तेव्हा ऊन माडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. पाणंदीत शिरलो तर आते समोरूनच येत होती, गडग्याला हात लावून. आमच्या पावलांवरून तिने ओळखलं.

"इलात काय गो? काय झाला?"

"अजून कायेक झाला नाय, आते," भाभी म्हणाली. "पण तुझी सून बोलली."

"कोण, ही?" आते म्हणाली, आणि तिने हात पुढे करून माझं तोंड चाचपून पाहिलं, जणू ते बदललं असेल. मग ती वळून आमच्या पुढे चालू लागली, कारण दोघींनी एका बाजूला तिरकं होण्यापेक्षा तिच्या मागून जाणं सोपं होतं.

बेड्यापाशी भाभी थांबली. "तू माका विचारलंस नाय," ती म्हणाली.

"काय ता?"

"गाडी माज्या मागल्या दाराक आणूची ती."

मी विचारलं, "नको होती?"

तिने बेड्याचा बांबू सरकवला आणि आत गेल्यावर परत लावला. मग बांबूच्या पलीकडून म्हणाली, "होयी होती." आणि दिवा लावायला निघून गेली.

घरी मी यांना सगळं सांगितलं. आधी ओरोस, मग वेंगुर्ले, मग भाकऱ्या, आणि शेवटी माड. माड सासऱ्यांनी लावलेले आहेत आणि यांनी लहानपणी त्यांना कावडीने पाणी घातलेलं आहे. हे जेवत होते. त्यांनी ताटावरून मान वर केली नाही. हात धुतले आणि ओटीवर जाऊन बसले.  आमच्या घरात कोणी जास्त बोलत नाही, पण ते न बोलणं वेगळं होतं, हे मला कळत होतं.

सकाळी चहा ठेवला तेव्हा हे घरात नव्हते. मागच्या दारातून पाहिलं तर आगरात होते. मेरेपासून भाभीच्या मागच्या दारापर्यंत हातातल्या लांब बांबूने अंतर मोजत होते. एकदा मोजलं, परत जाऊन पुन्हा मोजलं. मग कोपऱ्यावर उभे राहून दोन्ही हात पसरले आणि गाडी वळावी तसे सावकाश वळले.

मी चहाचा पेला घेऊन गेले. त्यांनी तो घेतला.

"तीन नाय," ते म्हणाले. "चार जातले. गाडी आत येतली, पण वळाक नको? रिव्हर्स मारीत पेशंटाक नेतले काय?"

त्यांनी रिकामा पेला माझ्या हातात दिला.

"चौथो खंयचो, ता तू सांग," ते म्हणाले.

"विहिरीकडचो," मी म्हणाले. तो सगळ्यांत जास्त नारळ देतो, हे दोघांनाही माहीत होतं.